अष्टमीचं पाणी

बोट तिरकी व्हायला लागली तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. अर्धा चिरलेला कांदा घरंगळत ओट्याच्या कडेला गेला. मी तो उचलून जागेवर ठेवला, तो पुन्हा गेला. मला वाटलं, यजमान एका बाजूला जाऊन उभे राहिले असतील. चोवीस फुटांची बोट आमची, माणूस इकडचा तिकडे झाला तरी आत कळतं. मी आतूनच ओरडले, "अहो, मध्ये उभे राहा जरा." वरून उत्तर आलं, "मी मध्येच आहे." मग एकदम बारीक आवाजात, "अगं, वर ये. पाणी कमी झालंय."

वर जाऊन पाहिलं तर खरंच कमी झालं होतं. सकाळी साडेसहाला नांगर टाकला तेव्हा खाडी काठोकाठ होती, आणि आता बोटीच्या डाव्या बाजूला कालवांच्या धारदार शिंपल्यांनी भरलेला काळा कातळ पाण्यातून डोकं काढत होता. यजमान म्हणाले, "आवर्तन सोडलं की काय?" नाशिकच्या माणसाला पाणी उतरण्याचं दुसरं कारण चटकन सुचत नाही. कुणीतरी धरणाची दारं उघडली, म्हणजे पाणी उतरलं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग दोघांच्याही लक्षात आलं की हे धरण नाही, ही ओहोटी आहे आणि आपली बोट चिखलात बसली आहे. त्यानंतर बराच वेळ कुणी हसलं नाही.

आमची थोडी माहिती सांगते. मखमलाबादला आमची फुलशेती आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. पंचवीस वर्षं मी पहाटे उठून फुलं तोडून बाजारात पोचवली. त्यामुळे देवाशी माझं नातं सरळ होतं, देव म्हणजे माझं गिऱ्हाईक. चतुर्थीला जास्वंद आणि दूर्वा, एकादशीला तुळस, मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेवंती आणि वेण्या. सगळ्या तिथ्या मला तोंडपाठ, पण उपासासाठी नाही, तोडणीसाठी. स्वतःच्या हाताने देवाला फूल वाहायला मात्र सवड झाली नाही, आणि खरं सांगायचं तर ओढही नव्हती. दोन वर्षांपूर्वी यजमानांना हृदयविकाराचा झटका आला, ऑपरेशन झालं. तेव्हा सगळे म्हणाले, गडावर देवीला नवस बोल. मी बोलले नाही. मी औषधांच्या वेळा पाळल्या, मीठ कमी केलं, त्यांना जड उचलू दिलं नाही, जिना चढताना मागे उभी राहिले. ते बरे झाले. देवीशी माझं भांडण नव्हतं, फक्त बोलणं नव्हतं.

यजमान अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांचा जीव शिडाच्या होडीत. वीस वर्षं दर रविवारी गंगापूर धरणावर जायचे, वाऱ्यावर होडी चालवायचे आणि संध्याकाळी भाजलेल्या तोंडाने, पण दहा वर्षांनी तरुण होऊन परत यायचे. आजारपणात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "बरा झालो तर एकदा समुद्राने कन्याकुमारीपर्यंत जाऊ. दोघंच." मी हो म्हणाले, आजारी माणसाला सगळेच हो म्हणतात तसं. पण त्या एका होकारावर त्यांनी गोळ्या घेतल्या, रोज चालले, वजन उतरवलं. जुनी बोट मिळाली, ती अंगणात उभी करून वर्षभर तिचा तळ घासला, रंगवला. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा माझ्यापाशी नाही म्हणायला काही उरलं नाही. ही बोट म्हणजे त्यांना हौस नव्हती, पुन्हा जगायचं कारण होतं. हे मला ठाऊक होतं, आणि त्या सकाळी तीच बोट कातळाकडे झुकली होती.

पण त्याआधीचे चार दिवस! ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. ट्रेलरवरून कसारा घाट उतरून आमची बोट रायगडच्या किनाऱ्यावर पाण्यात गेली तेव्हा मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. मी, जी लेकीच्या लग्नात रडले नाही. पहिल्या दिवशी शीड फुगलं, इंजिन बंद झालं आणि एकदम जी शांतता पसरली तिची मला सवयच नव्हती. नुसता पाण्याचा सळसळ आवाज आणि दोराची किरकिर. दुसऱ्या दिवशी डॉल्फिन आले, पाच की सहा, बोटीच्या नाकापुढे शर्यत लावल्यासारखे. यजमान त्यांना "ए, ए, बाजूला व्हा रे" म्हणून रिक्षावाल्यांशी बोलावं तसं ओरडत होते. तिसऱ्या दिवशी मी स्वतः सुकाणू धरलं आणि दोन तास सोडलं नाही. पहाटे जमिनीवरून येणारा वारा धरून निघायचं, दुपारी एखाद्या खाडीत शिरायचं, भात-पिठलं खायचं, नकाशावर बोट ठेवून उद्याचा टप्पा ठरवायचा. पन्नाशीनंतर रोज सकाळी आज काय होणार या उत्सुकतेने जाग यावी, हे मला नवीन होतं.

आणि त्या आनंदातच चूक झाली. भरती-ओहोटी आम्हाला माहीत नव्हती असं नाही. तक्ते होते, फोनमध्ये सोय होती. चारही दिवस आम्ही पाहून नांगर टाकला होता. पण पाचव्या दिवशी पहाटे चारला निघालो, झकास वारा मिळाला, अपेक्षेपेक्षा लवकर खाडीत शिरलो. पुढे झाडी, आडोसा, पाणी आरशासारखं. यजमान म्हणाले, "अगदी आपलं धरण!" आणि हातांनी धरणावरची वीस वर्षांची सवय गिरवली. वारा लागू नये म्हणून काठाला चिकटून थांबायचं आणि दोर सैल सोडायचा. धरणावर ते शहाणपण असतं. इथे बोट वाऱ्याने हळूहळू काठाकडे सरकली, भरलेल्या पाण्यात अगदी वरच्या उथळावर जाऊन टेकली, आणि आम्ही चहा घेत सूर्योदय बघत बसलो.

इंजिन चालू करून पाहिलं. चिखल उडाला, बोट आणखी रुतली. भावाला फोन लावला, कारण घाबरल्यावर माहेरच आठवतं. माझं माहेर नामपूर. भावाने सगळं ऐकून घेतलं आणि अहिराणीत विचारलं, "ताई, ट्रॅक्टर लई येऊ का?" नामपूरहून कोकणच्या खाडीत ट्रॅक्टर! मी म्हटलं, "तू कांदे सांभाळ," आणि फोन ठेवला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय गो बाय, इथं कुणी बोट लावतं काय?"

गुडघाभर पाण्यात एक म्हातारी उभी होती. काष्टा घातलेलं लुगडं, कमरेला टोपली, हातात कोयती. ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणि कालवं काढायला आलेली. मी म्हटलं, "मावशी, चुकलं आमचं. नाशिकचे आहोत."

"नाशिकला समुद्र कधी आला?" ती म्हणाली आणि बोटीभोवती एक फेरी मारून आली, जनावर विकत घ्यायच्या आधी माणूस मारतो तशी. मग मला विचारलं, "आज तिथी कंची?"

"मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी," मी क्षणात म्हटलं.

"मग? तिथी ठाव नि पाणी ठाव नाय?" तिने कपाळावर हात मारला. "आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सकाळी सहाला पाणी भरलं. सांजच्याला सहाच्या वर थोडं, पुन्हा भरंल. पण ते सकाळच्यापेक्षा कमी. उद्याचं त्याच्याहून कमी. आज नाय निघाली तर पुनवेच्या उधाणापर्यंत बस इथं. नि तोवर हा कातळ बोटीची कूस ठेवतो का फोडतो, ते बघ."

मी तिथेच उभी राहिले. पंचवीस वर्षं ज्या तिथ्यांवर मी फुलं तोडली त्या तिथ्यांवर इथे समुद्र चढत-उतरत होता. माझ्या कॅलेंडरात चंद्र होता, पण मी त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. पण विचार करायला वेळ नव्हता. बोट दर मिनिटाला कातळाकडे कलत होती आणि यजमान दोराचं टोक हातात धरून नुसते उभे होते. त्यांचा चेहरा मी ऑपरेशनच्या सकाळी पाहिला होता तसा झाला होता.

"काय करायचं ते सांगा," मी म्हटलं.

मावशीने सांगायला सुरुवात केली आणि आम्ही करायला. आधी बोटीची कूस वाचवायची. भावाने कांद्याबरोबर दहा रिकामी बारदानं दिली होती, लागतील कुठेतरी म्हणून. ती वाळूने भरून आम्ही कलत्या बाजूला, कातळ आणि बोट यांच्यामध्ये कोंबली. साडेआठच्या सुमाराला बोट कण्हल्यासारखा आवाज करून त्यांच्यावर रेलली. मग ओझं उतरवायचं. तेव्हा मला कळलं मी काय काय भरलं होतं. पन्नास किलो कांदा, तीन महिन्यांचं पीठ, डाळी, पापड, कुरडया, लोणच्याच्या बरण्या, दोन गॅस, पाण्याचे दहा कॅन, इस्त्री. मावशीने इस्त्री उचलून माझ्याकडे पाहिलं. "ही कुणाला दाखवायला?" सगळं वरच्या सुक्या खडकावर गेलं. कलंडलेल्या बोटीतला तो संसार उन्हात मांडलेला बघून मला स्वतःचंच हसू आलं.

मग बोटीच्या मागून खोल पाण्यापर्यंत चर खणायचा, बोटीच्या तळाखालचा कणा त्यातून सरकेल असा. मी मळ्यातून बरोबर आणलेलं फावडं घेतलं. यजमानांनी दुसरं घेतलं तर मी ते काढून घेतलं. "तुम्ही बसा." ते बसले. मी खणत राहिले, मावशी हातांनी चिखल उपसत राहिली. थोड्या वेळाने तिने कंबर सरळ केली.

"ह्याला काय देव्हाऱ्यात ठेवलाय काय?"

"त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

"मग आता बरं हाय का नाय?"

"बरं आहे," यजमान म्हणाले. ते उठून उभे राहिले.

मावशीने कमरेची टोपली सोडून त्यांच्या हातात दिली. ते चिखल उपसायला लागले. मी दर दोन मिनिटांनी त्यांच्या ओठांचा रंग पाहत होते. ते घामाघूम झाले, पण रंग चांगला होता. खरं तर सकाळपासून पहिल्यांदा चांगला होता.

बाराच्या सुमाराला पाणी पार खाली गेलं. आम्ही दुसरा नांगर चिखलातून चालत नेऊन खोल पाण्याच्या कडेला रोवला, त्याचा दोर बोटीपर्यंत आणला. काठी उभी करून तिच्यावर मी लाल दोरा बांधला. पाणी तिथपर्यंत चढलं तर बोट तरंगेल, असा यजमानांचा हिशोब. मग मी विचारलं, "आता काय?"

"आता काय नाय. बस."

"पण काहीतरी..."

"तुझं काम झालं गो. पाणी आणायचं काम तुझं नाय."

ती खडकावर बसून तिसऱ्या निवडायला लागली. मी बसले. मला बसता येत नाही, हे घरातलं कुणीही सांगेल. डॉक्टरांची खोली असो की बाजार समिती, मी उभी. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर चार तास मी उभी होते. पण इथे सहा तास करण्यासारखं काहीच नव्हतं. कोणाला फोन करून पाणी लवकर सोडा म्हणता येणार नव्हतं. खाडी रिकामी होती, खेकडे चिखलात पळापळ करत होते, आणि लांब खाडीच्या तोंडाशी समुद्राची एक पांढरी रेघ दिसत होती. त्या रेघेकडे बघता बघता मी बोलायला लागले. मोठ्याने नाही. देवीला मी नमस्कार वगैरे केला नाही, सरळ बोलले. म्हटलं, मला जे येत होतं ते मी केलं. बोटीचं केलं, ह्यांचंही केलं. दोन वर्षं मी ह्या माणसाला हाताच्या मुठीत धरून ठेवलं आहे आणि मूठ आता दुखते आहे. बोट वाचव असं मी म्हणत नाही. तुझं पाणी तुझ्या वेळेने येऊ दे. जे होईल ते मला बघता येऊ दे. एवढंच. मग मला रडू आलं, थोडंसं, आणि मी पदराने नाक पुसून सगळ्यांसाठी पोहे केले. सकाळपासून राहिले होते.

चारनंतर पाणी यायला लागलं. आधी चिखलाच्या भेगांमधून, मग आमच्या चरातून, मग बोटीच्या पोटाखाली. यजमान आनंदाने ओरडत होते, "आलं, आलं, सुकाणूपर्यंत आलं!" साडेपाचला बोट सरळ व्हायला लागली. सहा वाजले. काठीवरचा दोरा अजून वीतभर वर होता. सव्वासहा. पाणी दोऱ्याच्या चार बोटं खाली आलं आणि थांबलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाण्यावरचं एक वाळलेलं पान एकाच जागी गोल फिरत होतं. मावशी कमरेएवढ्या पाण्यात बोटीला खांदा लावून उभी होती. तिने पानाकडे पाहिलं आणि म्हणाली, "भरलं. आता उतरंल." तिच्या आवाजात दिवसभरात पहिल्यांदा टोमणा नव्हता.

"ओढून बघू," यजमान म्हणाले. ते डेकवर मागच्या बाजूला, दुसऱ्या नांगराच्या दोराशी उभे राहिले. मी पुढे झाले, नेहमीसारखा त्यांच्या हातातून दोर काढून घ्यायला. आणि माझा हात थांबला. मी त्यांच्या मागे जाऊन तोच दोर धरला. "ओढा," मी म्हटलं. आम्ही दोघांनी जीव खाऊन ओढलं. बोट हलली, सरकली नाही. पुन्हा ओढलं. नाही.

तेवढ्यात खाडीच्या वळणावरून गाण्याचा धिंगाणा ऐकू आला. एक मोठी लाँच, दिव्यांच्या माळा लावलेली, बेंजो वाजतोय, टपापर्यंत माणसं नाचतायत. पलीकडच्या गावचं वऱ्हाड. भरधाव येत होती. मावशीने हात वर करून ओरडायला सुरुवात केली, "अरे मेल्या, हळू! हळू चालव! डोळे फुटले काय तुझे?" त्याला ऐकूच गेलं नाही. लाँच आमच्या समोरून धडधडत गेली आणि तिच्या मागून लाटा आल्या. पहिली लाट बोटीखाली शिरली, बोट उचलली गेली. यजमान ओरडले, "आता!" आम्ही ओढलं. दुसरी आली, कणा चरात घसरला, तो आवाज मला पायांत जाणवला. तिसऱ्या लाटेवर बोट चरातून अशी मागे सरकली की आम्ही दोघं एकमेकांवर आपटून पडलो. उठलो तेव्हा ती तरंगत होती. मावशी अजून लाँचवाल्याला शिव्या देत होती. मग तिच्या लक्षात आलं आणि शिवी तोंडातच राहिली.

यजमान डेकवर उताणे पडून हसत होते, धापा टाकत. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. हृदय जोरात, पण नीट, घोड्यासारखं चाललं होतं.

नंतर कळलं, ते वऱ्हाड दुपारी चारलाच पार व्हायचं होतं. नवरदेवाचा फेटा घरी राहिला म्हणून रिक्षा परत पाठवली, ती बंद पडली, आणि सगळे धक्क्यावर दोन तास नाचत बसले. उशीर झाला म्हणून लाँचवाल्याने वेग सोडला नाही. एरवी अडकलेली बोट दिसली की तो इंजिन मंद करतो म्हणे. यात काय दैवी आणि काय फेट्याचा विसर, ते मी ठरवत नाही. मला ठरवता येणारही नाही. मावशीही कुठे अंतर्धान पावली नाही. ती आमच्याबरोबर चहा प्यायली, सुनेबद्दल अर्धा तास तक्रार केली, आणि निम्म्याहून जास्त कांदा तिच्या वाडीतल्या मंडळींनी टोपल्या भरून नेला. पाया पडले तर म्हणाली, "माझ्या काय पडतेस, पाण्याच्या पड." इस्त्री मात्र तिने घेतली नाही.

रात्री आम्ही खोल पाण्यात नांगर टाकून झोपलो. सकाळी पावणेसातला मी वर आले. नवमीचं पाणी भरून उभं होतं. कालची काठी अजून चिखलात तशीच होती, तिच्यावरचा लाल दोराही. पाणी त्या दोऱ्याच्या चांगलं वीतभर खाली थांबलं होतं. थोडा वेळ मी पाहत राहिले. ते तेवढंच राहिलं, आणि मग उतरायला लागलं. म्हणजे बोट निघण्यासारखं काल संध्याकाळचं ते एकच पाणी होतं, आणि त्यालाही चार बोटं कमी पडली होती, आणि ती चार बोटं कुठून तरी आली.

मी हात जोडले. मागायला काही नव्हतं, म्हणून नुसते जोडून उभी राहिले. आपल्या हातातलं काम चोख करावं आणि उरलेलं ज्याचं त्याच्याकडे सोपवावं, हे मी लोकांना सहज सांगितलं असतं. सोपवायला हात उघडावा लागतो, हे मात्र मला पन्नाशीत, चिखलात उभं राहून कळलं. मागे यजमान नांगर उचलत होते, एकटेच, आणि काहीतरी बेसूर गात होते. जमिनीवरून वारा सुटला होता. मी शीड वर चढवलं आणि आम्ही दक्षिणेला निघालो.